विमानतळावरची रांग कमी करणारी योजना कशी निवडावी: विदर्भातल्या गावाकडच्या प्रवाशासाठी

पोरगं अमेरिकेत, सून नोकरीवर, नातू झाला म्हणून आजी-आजोबांना बोलावणं, अशी घरं आता वरूड-मोर्शीपासून वणी-राजुऱ्यापर्यंत कितीतरी सापडतात. आखातात कामाला जाणारे आहेत, उमराहला जाणारे आहेत, शिकायला जाणाऱ्या पोरी आहेत. तिकीट निघालं की फोनवर सल्ला येतो, "बाबा, फास्ट ट्रॅकला नाव घालून ठेवा, रांगेत उभं राहावं लागणार नाही." इथंच गोंधळ सुरू होतो. कोणी डिजीयात्रा, म्हणजे ओळखपत्राऐवजी चेहरा दाखवून आत जाण्याची सोय, घेतं आणि पासपोर्टवर शिक्का मारण्याच्या रांगेत ती चालेल असं समजतं. कोणी ग्लोबल एन्ट्री या अमेरिकी सरकारच्या योजनेचे डॉलर भरून मोकळं होतं आणि मुंबईच्या विमानतळावर ती कामाची नाही हे तिथं गेल्यावर कळतं. कोणी सेतूवाल्याला पैसे देऊन असा अर्ज भरतं, ज्याला सरकार एक रुपयाही घेत नाही.

माझा आग्रह एकच आहे. योजनेच्या नावापासून सुरुवात करू नका. तुमचा पासपोर्ट कोणत्या गावच्या विमानतळावर तपासला जाणार आहे, ते आधी काढा. योजना त्यानंतर ठरते, आणि पुष्कळदा आपोआप ठरते.

रांगा किती आणि कोणाच्या

परदेशी जाताना आपल्या विमानतळावर चार जागी थांबावं लागतं. दारावर ओळखपत्र आणि तिकीट बघतात, ते सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान. मग बॅगा देऊन बोर्डिंग पास घ्यायचा, ते काम विमान कंपनीचं. त्यानंतर इमिग्रेशन, म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची तपासणी. ती गृह मंत्रालयाच्या हाताखालचं इमिग्रेशन ब्युरो करतं. शेवटी अंगझडती आणि हातातल्या बॅगेचा एक्स-रे, पुन्हा सीआयएसएफ. परत येताना आधी इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या आणि बाहेर पडताना कस्टम्स. कस्टम्स अर्थ मंत्रालयाकडे असतं.

खाती वेगळी, म्हणून सवलतीही वेगळ्या. भारतात सगळ्या रांगा एकदम कमी करणारं एकही कार्ड नाही. इमिग्रेशनसाठी एक योजना आहे, दार आणि सुरक्षा तपासणीच्या प्रवेशासाठी दुसरी. कस्टम्ससाठी तशी योजना नाही, तिथं तुमची बॅग आणि तुमचा खरेपणा हेच कामी येतं. अमेरिकेत इमिग्रेशन आणि कस्टम्स एकाच खात्याकडे आहे, म्हणून तिथली ग्लोबल एन्ट्री दोन्हीकडे चालते. पण ती तिथं. इथं नाही.

पहिली पायरी: पासपोर्ट कुठे तपासला जाणार

तिकीट समोर घ्या आणि बघा, भारताबाहेर नेणारं विमान कोणत्या शहरातून उडतं. जातानाची इमिग्रेशन तिथं होते. परतताना भारतात ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल, तिथं होते.

नागपूरहून थेट दोहा किंवा शारजाचं विमान धरलं, तर जातानाची तपासणी नागपुरातच होते. त्याच मार्गानं परत आलात तर येतानाचीही नागपुरातच. आता भारताची जी जलद इमिग्रेशन योजना आहे, ती २२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या टर्मिनल ३ वर सुरू झाली. १६ जानेवारी २०२५ ला मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद तिच्यात आले. सप्टेंबर २०२५ मध्ये लखनौ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोळिकोड आणि अमृतसरची भर पडली. या १३ नावांत नागपूर नाही. सुविधा २१ विमानतळांपर्यंत नेण्याचं सरकारनं जाहीर केलेलं आहे, तेव्हा प्रवास ठरला की ताजी यादी योजनेच्या संकेतस्थळावर (पत्ता पुढं दिला आहे) बघून घ्या. पण निव्वळ नागपूर-दोहा-नागपूर असाच प्रवास असेल आणि यादीत नागपूर दिसत नसेल, तर या फेरीसाठी अर्जाची धावपळ करायचं कारण नाही. नागपूर विमानतळावर परदेशी विमानं मोजकीच आहेत, तिथली इमिग्रेशनची रांग मुंबई-दिल्लीसारखी नसते.

नागपूरहून देशांतर्गत विमानानं दिल्ली किंवा मुंबई गाठून पुढं परदेशी विमान धरणार असाल, तर तपासणी दिल्ली-मुंबईला होईल. तिथं ही योजना खरी उपयोगी पडते. मध्यरात्रीनंतर एकामागून एक मोठी विमानं सुटतात तेव्हा तिथली रांग बघून माणसाला घाम फुटतो. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं, विदर्भ एक्सप्रेस आहे, समृद्धी महामार्ग आहे. मुंबईला कसेही पोहोचा, इमिग्रेशन मुंबईचीच. फक्त मुंबईला आता सांताक्रूझ-अंधेरीकडचा जुना आणि नवी मुंबईचा नवा असे दोन विमानतळ झालेत. तिकिटावर कोणता आहे ते नीट वाचा.

चंद्रपूर, राजुरा, वणी, पांढरकवडा, या भागातल्या लोकांनी हैदराबादचा विचार जरूर करावा. पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ सरळ हैदराबादला जातो, बल्लारशाहून गाड्या आहेत. तिथून आखात, युरोप, अमेरिकेकडे जायला पर्याय बरेच, आणि विमानतळ योजनेच्या यादीत आहे. केवळ सवयीनं मुंबईच धरायची गरज नाही.

आणखी एक जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. अबुधाबीमार्गे अमेरिकेला गेलात, तर अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम्स तपासणी अबुधाबीतच होते. अमेरिकेत उतरल्यावर मग देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. कोणतंही सदस्यत्व न घेता, नुसता मार्ग बदलून तिकडची रांग बदलते. पुढचं विमान सुटायला वेळ मात्र भरपूर ठेवावा लागतो.

दुसरी पायरी: तुमचा पासपोर्ट आणि तुमचा दर्जा

एकाच घरातल्या चार माणसांना चार वेगळी उत्तरं मिळू शकतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

गावातले आई-वडील, भारतीय पासपोर्ट, अमेरिकेचा पर्यटक व्हिसा: यांच्यासाठी भारतातली जलद इमिग्रेशन योजना. ती मोफत आहे. ग्लोबल एन्ट्रीला भारतीय नागरिक २०१७ पासून पात्र आहेत, पण यांना ती घ्यावी का, ते पुढं बोलू.

मुलगा अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर: पासपोर्ट भारतीयच, तेव्हा भारतातली योजना त्यालाही लागू. तिकडच्या देशांतर्गत प्रवासात सुरक्षा तपासणी लवकर व्हावी म्हणून तो टीएसए प्रीचेक घ्यायला जाईल, तर थेट मिळणार नाही. ती योजना थेट अर्जानं अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते. त्याला ग्लोबल एन्ट्री घ्यावी लागेल, तिच्याबरोबर प्रीचेकचा लाभ येतो. कामानिमित्त सतत फिरणाऱ्याला हे परवडतं.

मुलगी ग्रीन कार्डवर, म्हणजे तिथली कायम रहिवासी: तिला दोन्ही मार्ग मोकळे. देशाबाहेर क्वचित जात असेल तर नुसतं प्रीचेक पुरे, ते स्वस्त पडतं. वर्षा-दोन वर्षांनी भारतात येत असेल तर ग्लोबल एन्ट्री. काहीच घ्यायचं नसेल तरी मोबाइल पासपोर्ट कंट्रोल नावाचं अमेरिकी सरकारचं मोफत अ‍ॅप तिला वापरता येतं. पर्यटक व्हिसावर गेलेल्या तिच्या आई-बापाला मात्र ते चालत नाही.

अमेरिकन नागरिक झालेला, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असलेला भाऊ: भारतात उतरताना तोही भारताच्या जलद इमिग्रेशनला पात्र आहे. हे फार कमी ओसीआयवाल्यांना माहीत असतं. त्याला पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्हीचा तपशील द्यावा लागतो.

नेक्सस आणि सेंट्री ही नावंही कानावर येतात. नेक्सस अमेरिका-कॅनडा ये-जा करणाऱ्यांसाठी, त्या देशांच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना. सेंट्री मेक्सिकोच्या सीमेवरची. गावाकडच्या प्रवाशानं त्या सोडून द्याव्यात. दुबई-शारजात नोकरी असलेल्यांना तिथल्या रहिवासी ओळखपत्रावर तिकडची स्वयंचलित दारं वापरता येतात. भारतातली योजना त्यांनी वेगळी घ्यायची.

भारताची जलद इमिग्रेशन योजना: अर्ज कसा करायचा

पूर्ण नाव फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम, लोक एफटीआय-टीटीपी म्हणतात. तुमची माहिती सरकार आधीच तपासून ठेवतं, तुमचा चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवून घेतं, आणि मग अधिकाऱ्यासमोरच्या रांगेऐवजी स्वयंचलित दारातून तुम्ही जाता.

शुल्क नाही. वय १२ ते ७० च्या दरम्यान हवं. अर्जाच्या वेळी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. नोंदणी जास्तीत जास्त पाच वर्षं चालते आणि पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर त्याच्याबरोबर संपते. म्हणून पासपोर्टचं शेवटचं वर्ष चालू असेल तर आधी तो नवा करून घ्या आणि मग अर्ज करा. नाहीतर सगळं दोनदा करावं लागतं. नवे पासपोर्ट आता चिपवाले येतात, २०२४ मध्ये त्यांची चाचणी सुरू झाली तेव्हा आपलं नागपूरचं कार्यालय सुरुवातीच्या कार्यालयांत होतं. पण जुना, बिनचिपचा पासपोर्ट मुदतीत असेल तर फक्त या योजनेसाठी बदलायला जाऊ नका.

अर्ज एफटीआयटीटीपी डॉट एमएचए डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर होतो. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे का ते बघितल्याशिवाय एक अक्षरही टाइप करू नका. शोधायला गेलं की पैसे मागणाऱ्या खासगी साइट वर दिसतात.

आधी मोबाइल नंबर आणि ईमेल टाकून खातं उघडायचं, दोन्हीवर ओटीपी येतो. गावाकडं मोठी अडचण इथं असते. म्हाताऱ्या माणसाचा नंबर पोराच्या नावावर, ईमेल कधी उघडलेलाच नाही, नाहीतर सेतूवाल्यानं स्वतःचाच ईमेल टाकून दिलेला. पुढचे सगळे निरोप याच दोन पत्त्यांवर येणार आहेत. तेव्हा ज्याचा अर्ज, त्याचाच चालू नंबर द्या आणि ईमेल घरातल्या अशा माणसाचा द्या जो तो रोज बघतो. सेतू केंद्रात जाऊन भरायला हरकत नाही, टाइप करण्याचे योग्य पैसे द्यावेत. पण "सरकारी फी" म्हणून कोणी काही मागितलं तर ते खोटं आहे.

मग पासपोर्टचा तपशील, पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं स्कॅन करून, पांढऱ्या पार्श्वभूमीचा अलीकडचा फोटो, आणि सध्या राहता तिथल्या पत्त्याचा पुरावा. मोबाइलनं घाईत काढलेला, कोपरे कापलेला, झेरॉक्सवरून पुन्हा काढलेला फोटो देऊ नका. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणांसह दोन ओळी असतात, त्या स्पष्ट वाचता आल्या पाहिजेत.

अर्ज गेल्यावर सुरक्षा यंत्रणा माहिती तपासतात. याला एक महिन्यापर्यंत वेळ लागू शकतो. मंजुरीचा निरोप आला की ठसे आणि चेहरा नोंदवायचा असतो. तो नेमून दिलेल्या विमानतळांवर किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात, म्हणजे एफआरआरओत, नोंदवता येतो. धारणी किंवा सिरोंच्याच्या माणसानं केवळ यासाठी मुंबई-हैदराबाद करायचं म्हटलं तर खर्च आणि दिवस दोन्ही जातात. त्यामुळं बहुतेकांसाठी शहाणपणाचं हेच, की प्रवासाच्या दिवशीच विमानतळावर तास-दीड तास जास्त हाताशी ठेवून ही नोंद करायची. त्यासाठी मंजुरी आधी हातात हवी. तेव्हा अर्ज प्रवासाच्या दोन महिने आधी टाका. कापसाच्या वेचणीत किंवा लग्नसराईत राहून जातं, मग निघायच्या आठवड्यात घाई होते, आणि त्या घाईत हे काम होत नाही.

ठशांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा प्रश्न आपल्या भागात खरा आहे. वर्षानुवर्षं कापूस वेचून, विळा धरून, सिमेंटच्या कामावर हात घालून बोटांच्या रेषा झिजतात. आधारला अंगठा लागत नाही म्हणून रेशनच्या दुकानात परत पाठवलेली माणसं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. अशांनी आठ-दहा दिवस आधीपासून रात्री हाताला तेल चोळावं, पण नोंदीच्या दिवशी हात साबणानं धुऊन कोरडे ठेवावेत. तेलकट बोट मशीन घेत नाही. मेहंदी त्या काळात नको. एवढं करूनही ठसे आले नाहीत तर तिथल्या अधिकाऱ्याला शांतपणे सांगा. नोंद झाली नाही म्हणून प्रवास थांबत नाही. नेहमीचा काउंटर सगळ्यांना खुला असतो.

नाव आणि पत्ता: निम्मं काम इथंच अडतं

आधारवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. तिकीट काढणाऱ्यानं वडिलांचं नाव गाळून टाकलेलं. बाईचं पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. गावात हे कोणाला खटकत नाही, पण यंत्र अक्षराला अक्षर जुळवतं.

माझा क्रम असा. पासपोर्टला प्रमाण माना. तिकीट, एफटीआय-टीटीपी, व्हिसा, ग्लोबल एन्ट्री, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव, त्याच स्पेलिंगनं. आधार वेगळं असेल तर आधार दुरुस्त करा, कारण डिजीयात्रा आधारवरचं नाव बोर्डिंग पासशी जुळवते. पासपोर्टवरच चूक असेल तर आधी पासपोर्ट.

पत्त्याचंही तसंच. आपल्याकडे "मु. पो., ता., जि." एवढाच पत्ता असतो. घर क्रमांक ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर मिळतो, तो बघून लिहा. एकाच नावाची दोन-तीन गावं जवळपास असतात, तेव्हा पोस्ट आणि पिनकोड न चुकता लिहा. गावच्या नावाचं स्पेलिंग सातबारावर एक, पासपोर्टवर दुसरं असेल तर अर्जात पासपोर्टवरचं ठेवा.

आणि एक नाजूक गोष्ट. बांधावरून झालेल्या भांडणाचा, जुन्या तंट्याचा गुन्हा अजून न्यायालयात पडून असेल, तर लपवू नका. इथली यंत्रणाही पोलिसांकडचं बघते आणि ग्लोबल एन्ट्रीच्या अर्जात तर तो प्रश्न सरळ विचारलेला असतो. चालू फौजदारी प्रकरण असेल तर तिथं नकार मिळू शकतो आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत. अशा वेळी आधी वकिलाला विचारावं, प्रकरण निकालात निघू द्यावं, आणि अर्ज त्यानंतर करावा.

ग्लोबल एन्ट्री: कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

शुल्क १२० डॉलर. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी ते १०० होतं. दहा हजार रुपयांच्या वरची रक्कम, पाच वर्षांसाठी, दर माणशी. मुलाकडं ग्लोबल एन्ट्री आहे म्हणून त्याच्याबरोबर चालणाऱ्या आईला त्या रांगेत जाता येत नाही, तिचं स्वतःचं सदस्यत्व लागतं. १८ वर्षांखालच्या मुलांना मात्र आई-वडिलांपैकी कोणी सदस्य असेल किंवा बरोबरच अर्ज करत असेल तर शुल्क नाही, अर्ज करावा लागतो.

ही व्हिसाची जागा घेत नाही. व्हिसा लागतोच.

भारतीय नागरिकाचा मार्ग इतरांपेक्षा लांब आहे. अमेरिकेच्या ट्रस्टेड ट्रॅव्हलर संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज करायचा. त्यात गेल्या पाच वर्षांचे पत्ते, कामधंदा आणि परदेश प्रवास भरायचा असतो. शेतकऱ्यानं "बेरोजगार" लिहू नये, शेती हा व्यवसाय आहे, तोच लिहावा. शुल्क भरल्यावर भारताच्या बाजूनंही पार्श्वभूमी तपासली जाते, त्यासाठी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर वेगळा अर्ज आहे आणि त्यात पोलीस पडताळणी येते. दोन्हीकडून होकार आला की सशर्त मंजुरी मिळते. मग मुलाखत. ती अमेरिकेत उतरल्यावर तिथल्या बऱ्याच मोठ्या विमानतळांवर, येतानाच्या तपासणीतच देता येते, आधी वेळ घ्यावी लागत नाही. मुलाखतीला इंग्रजी फार लागतं असं नाही, कुठं जाणार, कोणाकडं राहणार, एवढंच नीट सांगता आलं पाहिजे. मंजुरीनंतर जो सदस्य क्रमांक मिळतो, तो तिकिटावर नोन ट्रॅव्हलर नंबरच्या रकान्यात टाकायचा. टाकला नाही तर बोर्डिंग पासवर प्रीचेक येत नाही, सदस्य असूनही.

आता माझं मत. दोन-तीन वर्षांतून एकदा जाऊन पाच-सहा महिने राहून येणाऱ्या आई-वडिलांनी ग्लोबल एन्ट्रीच्या मागं लागू नये. पाच वर्षांत दोन वेळा रांग वाचेल, त्यासाठी दहा हजार आणि पोलीस ठाण्याच्या चकरा, हे जमत नाही. तेच पैसे चांगल्या प्रवास विम्यात घालावेत, म्हाताऱ्या माणसाला परदेशात त्याची गरज जास्त आहे. दर वर्षी जाणारे संत्र्याचे निर्यातदार, कंपनीच्या कामानं फिरणारे, तिकडं नोकरी करणारे, यांनी मात्र जरूर घ्यावी.

सुरक्षा तपासणी आणि डिजीयात्रा

डिजीयात्रा १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीला सुरू झाली. देशांतर्गत प्रवासात दारावर आणि सुरक्षा तपासणीच्या तोंडाशी ओळखपत्र दाखवण्याऐवजी चेहरा दाखवून जाता येतं. आधार डिजीलॉकरमधून जोडायचं, सेल्फी काढायची, बोर्डिंग पास अ‍ॅपमध्ये टाकायचा. ती ऐच्छिक आहे, कोणी सक्ती केली तर नकार देता येतो. नागपूर-मुंबई किंवा नागपूर-दिल्ली या टप्प्यासाठी घ्यायची असेल तर दोन्ही विमानतळ अ‍ॅपच्या यादीत आहेत का ते बघा. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर डिजीयात्रा अर्थातच घेता येत नाही.

अंगझडती आणि बॅगेचा एक्स-रे यातून सुटत नाही. तिथं वेळ जातो तो बॅगेमुळं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत चालत नाही. लोणचं, तूप, शेंगदाण्याची पातळ चटणी हातातल्या बॅगेत नको, परदेशी प्रवासात १०० मिलीच्या वरचं द्रव तिथंच काढून टाकतात. सुकं खोबरं तर मोठ्या बॅगेतही घेऊ नका, त्यातल्या तेलामुळं ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात मनाई आहे. अडकित्ता आणि सुपारीचा डबा पिशवीत विसरून जाणारी माणसं आहेत, अडकित्ता घरी ठेवा.

कस्टम्स: बॅगेत काय, ते आधी ठरवा

अमेरिकेला जाताना नागपुरी संत्री नेऊ नका. कितीही वाटलं, पोराला आवडतात हे कितीही खरं असलं तरी. ताजी फळं, बी-बियाणं, मांस, यांवर तिथं बंदी किंवा कडक अटी आहेत. तांदूळ आणि अख्खा हरभराही भारतातून सामानात नेता येत नाही, धान्यातल्या खापरा किडीच्या भीतीनं. जे काही खाण्याचं न्याल, ते विचारल्यावर "आहे" म्हणून सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो, आणि ग्लोबल एन्ट्री असेल तर सदस्यत्वही जातं. दहा हजार डॉलरहून जास्त रोकड असेल तर तीही सांगावी लागते.

भारतात परतताना हिरवी वाट आणि लाल वाट असते. शुल्क लागेल असं काही नसेल तर हिरवी, असेल तर लाल. सोन्याची आणि वस्तूंची माफीची मर्यादा सरकार बदलत असतं, निघण्याआधी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या साइटवर वाचा. घरातले दागिने घालून जाणाऱ्या बायकांनी जातानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावं, म्हणजे परतताना ते सोनं तिकडचं नाही हे दाखवता येतं. जाहीर करण्यासारखं काही असेल तर अतिथी नावाच्या सरकारी अ‍ॅपवर आधीच भरून ठेवता येतं, काउंटरवरचा वेळ वाचतो.

आखातात कामाला जाणाऱ्यांनी

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची, म्हणजे नोकरीला बाहेर जाण्याआधी सरकारी तपासणी लागते अशी नोंद असते. ठरलेल्या १८ देशांत नोकरीला जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून परवानगी लागते. एफटीआय-टीटीपी मंजूर झाली म्हणजे ही परवानगी मिळाली असं कोणी एजंट सांगत असेल तर तो फसवतो आहे. पर्यटक व्हिसावर पाठवून तिकडं नोकरी लावतो म्हणणाऱ्याचंही तेच. आधी परवानगी, करारपत्र आणि विमा हातात घ्या, रांगेचं नंतर बघू.

सत्तरीच्या पुढं, गुडघे दुखणाऱ्यांसाठी

सत्तरी ओलांडलेल्यांना एफटीआय-टीटीपी मिळत नाही. त्यांनी तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, विमान कंपनीला व्हीलचेअरची गरज कळवावी. चालायला खरंच त्रास असेल तर ती हक्काची सोय आहे, त्यात लाज काय. मदतनीस इमिग्रेशन, सुरक्षा, विमानाचं दार, सगळीकडं बरोबर असतो, आणि भाषेची भीती असलेल्या आईसाठी तोच सगळ्यात मोठा आधार ठरतो. दोहा-दुबईला विमान बदलायचं असेल तर तिथंही व्हीलचेअर हवी असं तिकिटावर नोंदवून घ्या. मुलाचा पत्ता आणि फोन मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवा, फोनची बॅटरी संपली तरी कागद असतो.

दाराशी

बॅगा देऊन झाल्यावर जलद मार्गाची पाटी शोधा, दिसली नाही तर गणवेशातल्या कोणालाही विचारा. पासपोर्टचं कव्हर काढून ठेवा, यंत्राला उघडा पासपोर्ट लागतो. आधी पासपोर्ट आणि बोर्डिंग पास यंत्राला दाखवायचा, दार उघडलं की आत जाऊन कॅमेऱ्याकडं बघायचं. टोपी, गॉगल, मास्क काढा, पदर डोक्यावर असेल तर कपाळ मोकळं ठेवा. नवरा-बायको असाल तरी एकेकानं जा. दार उघडलं नाही तर ढकलू नका, बाजूला अधिकारी असतो. परत येतानाही हेच, म्हणून येतानाचा बोर्डिंग पास विमानात फेकून देऊ नका.

पुढं कधी पासपोर्ट नवा केलात की नंबर बदलतो. ग्लोबल एन्ट्रीच्या खात्यात नवा नंबर भरा, एफटीआय-टीटीपीचा अर्ज नव्यानं करा, आणि तिकीट जुन्या नंबरवर काढलेलं असेल तर विमान कंपनीकडून तो बदलून घ्या.